देवाजी सरांचे सात गुण

देवाजी निमगड्यांच्या शाळेत कोणी चिठ्ठी घेऊन आला, तर त्याचं काम हमखास उशिरा व्हायचं. चिठ्ठी पुढाऱ्याची असो की सरपंचाची, सर ती उघडतसुद्धा नसत. टेबलाच्या कडेला सारून ठेवत आणि म्हणत, "हे राहू द्या. तुमचं काम काय हाय, थे तुमी आपल्या तोंडानं सांगा." माणूस ओशाळून जायचा. बाहेर व्हरांड्यात बसलेला शिपाई बिरजू मग त्याला हळूच सांगायचा, "चिट्टी आणाची नाई ना भाऊ. चिट्टी आणली का सर बिघडते."

गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलात, डांबरी रस्ता संपून मुरमाचा सुरू होतो तिथं, एका खाजगी संस्थेची आश्रमशाळा होती. सर तिथं मुख्याध्यापक. घर मार्कंड्याच्या अलीकडे वैनगंगेच्या काठी. आठवडाभर शाळेजवळच्या खोलीत राहायचं, शनिवारी दुपारची शाळा सुटली की मोटरसायकलला टाच मारून घरी जायचं, सोमवारी प्रार्थनेला परत हजर. बावीस वर्षांत सोमवारची प्रार्थना त्यांनी तीनदाच चुकवली होती, आणि ते तिन्ही सोमवार त्यांना तारखांनिशी सांगता येत.

चिठ्ठीचा हा राग जुना होता. बी.एड. झाल्यावर पहिल्या मुलाखतीला ते गेले, तेव्हा आतल्या खोलीत एक उमेदवार संस्थेच्या सचिवासोबत जेवायला बसलेला त्यांनी पाहिला होता. बाहेर तेवीस जण सकाळपासून उन्हात उभे. दुपारी सगळ्यांची मुलाखत झाली, प्रत्येकाला वडिलांचं नाव आणि गाव विचारलं, आणि संध्याकाळी जेवणाऱ्याचं नाव लागलं. देवाजी त्या दिवशी घरी आले आणि आपल्या बापाला म्हणाले, "मी कधी खुर्चीवर बसलो, तर घरचं कुत्रंही माह्या शाळेत येनार नाई." बाप दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला जाणारा माणूस. आजोबांनी छप्पनला दीक्षा घेतल्यापासून घरात शिकण्याचं वारं आलेलं. मुलाचं हे बोलणं त्याला फार आवडलं. गावात चार जणांना त्याने ते सांगितलं.

सरांनी शब्द पाळला. बायकोच्या भावाने शाळेतल्या कामाठीच्या, म्हणजे पडेल ते काम करणाऱ्याच्या, जागेसाठी विचारलं, तर त्याला अर्ज कुठं मिळतो हेसुद्धा सांगितलं नाही. तो मेहुणा मग अश्वजितच्या लग्नाला आला नाही. अश्वजित त्यांचा एकुलता मुलगा. शाळेत लिपिकाची जागा निघाली तेव्हा त्याने अर्ज केला होता, आणि सरांनी स्वतःच्या हाताने तो बाजूला काढून वर लाल शाईत 'मुख्याध्यापकांचा नातेवाईक' असा शेरा मारला होता. अश्वजित पुण्याकडे एका कारखान्यात गेला. वर्षातून एकदा येतो, आईशी बोलतो.

केसरबाई, म्हणजे सरांची बायको, एकदा भाकर टाकता टाकता म्हणाली होती, "तुमाले घरच्याचं बरं झालेलं पाहवत नाई. बाहेरचे हार घालते ना, थे तुमाले गोड लागते."

सरांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

त्यांचा धाकटा भाऊ इसरू बांधीत साप चावून गेला, तेव्हा त्याची मुलगी हर्षा नऊ वर्षांची होती. भावजय गिरजाबाई मजुरीला जायची. हर्षाला सरांनीच शिकवलं. रविवारी ओट्यावर बसवून गणित घ्यायचे. तिने चूक केली तर ओरडत नसत, फक्त पाटी तिच्याकडे उलटी फिरवून द्यायचे. पोरगी पुन्हा सोडवायची. बारावी झाली, पदवी झाली, चंद्रपूरला समाजकार्याची पदव्युत्तर पदवी झाली. नंतर चार वर्षं एका महिला आधारगृहात कंत्राटावर तिने काम केलं. तिथं जंगलातल्या गावांतून आलेल्या बायकांशी बोलता बोलता माडिया भाषा शिकली. मग कंत्राट संपलं आणि ती एकतिसाव्या वर्षी आईजवळ घरी येऊन बसली.

त्याच वर्षी सरांच्या शाळेत मुलींच्या वसतिगृहासाठी अधीक्षिकेची जागा निघाली. एकशे वीस मुली, पहिलीपासून दहावीपर्यंतच्या. अधीक्षिका म्हणजे त्यांची दिवसरात्रीची आई. तिथंच राहायचं, त्यांच्यासोबत जेवायचं, कोणाला ताप आला, कोणाचं पोट दुखलं, कोण घरच्या आठवणीने पळून गेलं, सगळं बघायचं. हर्षाने अर्ज केला. अर्ज केल्यावर सरांना सांगितलं.

"मोठेबाबा, मी फारम भरला तुमच्या शाळेत."

सर म्हणाले, "भर. पण मी काही करनार नाई."

"मले काही कराच नाई लागत तुमी," हर्षा हसून म्हणाली. "मी येते ना मुलाखतीले."

सरांनी एक गोष्ट मात्र केली. ते संस्थेचे अध्यक्ष गुलाबराव यांच्याकडे गेले. निवड समितीत तिघं असणार होते: स्वतः गुलाबराव, प्रकल्प कार्यालयातर्फे कुळमेथे मॅडम आणि मुख्याध्यापक म्हणून सर. सर म्हणाले, "साहेब, समितीतून माझं नाव काढा. अर्जात माझी पुतणी हाय."

गुलाबराव जाडजूड, हसरा, लाघवी माणूस. त्यांनी सरांना बसवलं, पाणी मागवलं.

"काढतो ना सर. तुमी म्हणता तर आत्ताच काढतो. पण मले सांगा, तुमच्या जागी बसवू कोणाले? दुसरा कोणी बसला का लोकं म्हणतीन, अध्यक्षानं आपला मानूस घातला. तुमी बसले तर पंचक्रोशीत कोणी ब्र काढनार नाई. अन् तुमच्यासारखा मानूस आपल्या पोरीचं काही करन, असं म्हणाची हिंमत तरी हाय का कोणाची?"

सर म्हणाले, "तरीपन नियमानं..."

"नियम आमच्यासारख्याइसाठी असते सर. तुमाले कायचा नियम?"

इथं सरांनी उठून जायला हवं होतं. ते उठले नाहीत. पाणी प्यायले, आणि बसतो म्हणाले. मोटरसायकलवरून परत येताना त्यांना फार हलकं वाटत होतं. 'तुमाले कायचा नियम' हे शब्द त्यांनी वाटेत दोनदा मनात म्हणून पाहिले.

अर्जात आणखी एक नाव होतं, करिष्मा. गुलाबरावांची साळी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सरांनाही. त्यांनी मनाशी धरलं होतं की, आपण समितीत आहोत म्हणजे तिथं काळंबेरं होणार नाही.

मुलाखती एप्रिलमध्ये झाल्या. लेखी परीक्षेतून सहा जणी निवडल्या होत्या. शेवटचा निकाल मुलाखतीच्या गुणांवर. प्रत्येक सदस्याकडे वीस गुण. खोलीत कूलर घरघरत होता. कुळमेथे मॅडमने सगळ्यांना तोच प्रश्न विचारला: "मुलगी वसतिगृहातून पळून घरी गेली. तुम्ही काय कराल?"

करिष्मा म्हणाली, "पालकांना फोन करीन आणि परत पाठवायला सांगीन."

"त्यांच्याकडे फोन नसेल तर?"

"मग शिपायाला पाठवीन."

हर्षा म्हणाली, "आधी मी तिच्या मैत्रिणींना विचारीन, काल काय झालं होतं. कोणी उगीच तीस किलोमीटर जंगलातून चालत जात नाही. मग मी स्वतः तिच्या घरी जाईन. लगेच चल म्हणणार नाही. एक दिवस तिच्या आईसोबत कामाला जाईन. ती आपणहून बोलेल तेव्हा परत आणीन." मॅडमने विचारलं, "त्यांची भाषा येते?" हर्षा माडियात चार-पाच वाक्यं बोलली. मॅडम स्वतः गोंड, त्या हसल्या आणि त्याच भाषेत काहीतरी म्हणाल्या. हर्षाही हसली. गुलाबराव आणि सर, दोघांनाही ते कळलं नाही.

हर्षा बाहेर गेली. सरांनी पेन उघडलं.

सतरा. त्यांच्या डोक्यात लगेच हाच आकडा आला. ओट्यावर बसून वीस वर्षं मुलांचे पेपर तपासणाऱ्या माणसाला आकडा शोधावा लागत नाही. त्यांनी कागदावर एकाचा आकडा काढला. मग त्यांना वाटलं, हा कागद उद्या कोणी पाहील. निमगड्याने पुतणीला सतरा दिले. बावीस वर्षं चिठ्ठ्या सारत राहिला, आणि शेवटी सतरा. त्यांना बाहेर उन्हात उभं राहिल्याचा तो जुना दिवस आठवला, बाप आठवला. त्यांनी एकाचा आकडा खोडला, खाडाखोडीपाशी सही केली आणि बाजूला सात लिहिले.

लिहिताना एक समाधान वाटलं, उन्हाळ्यात माठाचं पाणी घशाखाली उतरावं तसं. करिष्माला त्यांनी बारा दिले. तिची लायकी तेवढीच होती, तेवढे दिले.

कागद जोडले तेव्हा बेरीज झाली. गुलाबरावांनी साळीला एकोणीस दिले होते आणि हर्षाला चौदा. कुळमेथे मॅडमने हर्षाला अठरा, करिष्माला अकरा. करिष्मा बेचाळीस, हर्षा एकोणचाळीस. मॅडमने चष्मा काढून सरांकडे पाहिलं. काही विचारावं असं त्यांच्या मनात आलं असावं. मग त्यांनी सही केली. सरांनीही केली.

हर्षाला फक्त एवढंच कळलं की, तिचं नाव दुसरं लागलं. ती म्हणाली, "असो मोठेबाबा. दुसरं तर दुसरं." सर म्हणाले, "मेहनत चालू ठेव."

सव्वीस जानेवारीला शाळेत कार्यक्रम झाला. संस्थेने सरांचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, फोटो. आजूबाजूच्या गावांतले लोक आले होते, घरचे आले होते. केसरबाई, गिरजाबाई आणि हर्षा बायकांच्या रांगेत सतरंजीवर बसल्या होत्या. गुलाबराव माईकवर उभे राहिले.

"आजकाल प्रामाणिकपणा कुठी राह्यला म्हणते लोकं," ते म्हणाले. "मी दाखवतो कुठी राह्यला. आमच्या निवड समितीत या मानसानं सख्ख्या पुतणीले किती गुण देले असतीन? वीसपैकी सात! आमी परके, आमी चौदा देले, मॅडमनं अठरा देले. चुलत्यानं सात! टाळ्या झाल्या पायजे!"

टाळ्या झाल्या. मुलांनीही वाजवल्या. मागे शिट्टी वाजली. गिरजाबाईला नीट ऐकू आलं नव्हतं. तिने शेजारणीला विचारलं, "काय म्हणून राह्यले?" शेजारीण म्हणाली, "तुह्या हर्षाचं सांगून राह्यले." गिरजाबाईला वाटलं, पोरीचं कौतुक चाललंय, आणि तिनेही टाळ्या वाजवल्या. हर्षाने तिचे दोन्ही हात धरून खाली ठेवले.

सरांच्या खांद्यावर शाल होती. हर्षा उठून मंडपाबाहेर जाताना त्यांनी पाहिलं. पुढे त्यांचं भाषण होतं, ते त्यांनी केलं.

महिन्याभराने हर्षा घरी आली. माहितीच्या अधिकारात तिने गुणपत्रक मागवलं होतं. रविवार होता. सर ओट्यावर पेपर वाचत होते. तिने प्लास्टिकच्या फाइलमधून कागद काढला आणि त्यांच्या हातातल्या पेपरवर ठेवला.

"मोठेबाबा, मी कुठी चुकली थे सांगा."

सरांनी कागद पाहिला. खोडलेला एक, बाजूला सही, सात.

"नाई चुकली," ते म्हणाले.

"मंग सात काऊन?"

"लोकं काय म्हणाले असते बेटा? म्हणाले असते, यानंही शेवटी..."

"करिष्माले बारा देले. थे खरे का खोटे?"

"खरे. थे तेवढीच होती."

"म्हणजे थिले खरे देले अन् मले खोटे देले."

सर पेपरची घडी घालू लागले. "अध्यक्षानं एकोणीस देले, थे खोटे नाई काय? त्याले जाऊन विचार."

"त्याले काय विचारू? त्यानं आपल्या मानसाले वाढवून देले. तुमी आपल्या मानसाचे कापले. तुमी अकरा देले असते ना, तरी माह्यं नाव लागत होतं. मी सतरा नाई मांगत. अकरा."

"मी त्याले सांगितलं होतं, माझं नाव काढा म्हणून. तोच म्हणाला..."

"सांगितलं होतं. अन् त्यानं दोन गोड शब्द बोलले तं बसले." हर्षाचा आवाज चढला नव्हता. ती लहानपणी गणित समजून घेताना जशी बोलायची, तशीच बोलत होती. "त्याले माहीत होतं तुमी मले मारान. म्हणूनच बसवलं तुमाले. अख्ख्या जिल्ह्यात त्याले तुमच्याहून कामाचा मानूस सापडला नसता."

आत केसरबाई चहा ठेवत होती. हर्षा आत गेली, म्हणाली, "मोठीआई, चहा नोको. आईचा डबा इथी राह्यला होता थो दे." डबा घेऊन ती गेली. त्यानंतर त्या घरी ती आली नाही. काही दिवसांनी कळलं की, ती बल्लारपूरला एका खाजगी दवाखान्यात नावं नोंदवण्याच्या खिडकीवर लागली आहे.

इकडे करिष्मा मॅडम जूनमध्येच वसतिगृहात रुजू झाल्या होत्या. पहिला महिना राहिल्या. मग आठवड्यातून तीन दिवस. दिवाळीनंतर एक तारखेला यायच्या, महिन्याभराच्या सह्या करायच्या आणि चंद्रपूरला परत जायच्या. मुलींना सांभाळायची ती स्वयंपाकीण वच्छला. तिच्याकडे एकशे वीस पोरींचा स्वयंपाकही होता. ती एकदा सरांपुढे येऊन उभी राहिली.

"सर, थे बाई राहतच नाई. लहान्या पोरी रडते. तुमी वर कळवा."

सरांनी संस्थेला पत्र दिलं. गुलाबरावांनी ते वाचून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "सांगतो मी थिले." सरांनी दुसरं पत्र दिलं. तेही खिशात गेलं. मग एकच वाट उरली, प्रकल्प कार्यालयाला थेट कळवायची. कुळमेथे मॅडमचा नंबर सरांच्या फोनमध्ये होता. त्यांनी एका दुपारी बसून सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिलाही. पाकिटावर पत्ता घातला. तेवढ्यात बिरजू पत्ता वाचून सहज म्हणाला, "बरं केलं सर. नाईतरी हर्षाताईच्या जागी घुसली होती थे."

सरांचा हात थांबला. लोक हेच म्हणतील. पुतणीला जागा मिळाली नाही म्हणून निमगड्या वचपा काढून राह्यला. बिरजूसारखा साधा माणूस म्हणतो, तर बाकीचे काय सोडणार आहेत? त्यांनी पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं. पावसाळा लागला तेव्हा ते तिथंच होतं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी सहावीतली पिंकी डोकं दुखतं म्हणून वर्गात बाकावर आडवी झाली. पिंकी एटापल्लीकडच्या आतल्या गावातली, वारलू नावाच्या शेतकऱ्याची मुलगी. बारीक, काटक, खोखोत कोणाला न सापडणारी. वर्गशिक्षकाने तिला वसतिगृहात पाठवलं. सरांनी जाताना वच्छलाला सांगितलं, "करिष्मा मॅडमला फोन लाव. रक्त तपासून घ्यायला सांग." आणि साडेबाराला ते मोटरसायकलवर बसले.

वच्छलाने फोन लावला. लागला नाही. दुपारभर लावला. संध्याकाळी एकदा उचलला, "गोळी दे, मी उद्या येते," म्हणून ठेवला. वच्छलाने गोळी दिली. ताप उतरला, पुन्हा चढला. रविवारी सकाळी पिंकी माणसं ओळखेना आणि हातपाय ताठ करू लागली. बिरजूने तिला मोटरसायकलवर मधे बसवलं, मागे वच्छलाने धरलं, आणि नाल्यातल्या पाण्यातून त्यांनी तिला आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरने रक्त पाहिलं, मेंदूचा मलेरिया म्हणाला, जे देण्यासारखं होतं ते दिलं आणि लगेच रुग्णवाहिकेतून गडचिरोलीला काढलं. शहर दिसायला लागलं तेव्हा पिंकी गेली होती.

सर घरून थेट दवाखान्यात पोचले. वारलू दुपारनंतर आला. त्याला मराठी थोडं येत होतं. त्याने पोरीचं तोंड पाहिलं, मग सरांना विचारलं, "इची पेटी कोणाजवळ हाय?" लोखंडी पेटी. जूनमध्ये त्याने डोक्यावर वाहून आणली होती. सर म्हणाले, "देतो मी आणून." तो म्हणाला, "पोरीइची बाई देन ना? बाई कुठी हाय?"

सर म्हणाले, "येते."

करिष्मा मॅडम आल्या नाहीत. त्यांचा अर्ज आला. शुक्रवारपासून आजारी असल्याने रजा मिळावी, असा. आवक नोंदवहीत शुक्रवारच्या दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात त्याची नोंद घुसवलेली होती. अधीक्षिका रजेवर असेल तर वसतिगृहाची जबाबदारी मुख्याध्यापकाची, असा नियम. आणि मुख्याध्यापक आजारी मुलीला टाकून घरी गेले होते. मंगळवारी संस्थेने शोकसभा घेतली, त्यात गुलाबराव रडले. बुधवारी त्यांनी सरांच्या निलंबनाच्या कागदावर सही केली. सेवानिवृत्तीला सात महिने उरले होते.

सत्काराला टाळ्या वाजवणारे आता म्हणू लागले की, जो घरच्या पोरीचा झाला नाही, तो लोकांच्या पोरीचा काय होणार? चौकात एकाने हे त्यांच्या तोंडावर म्हटलं. सर मान खाली घालून पुढे गेले. ते त्यांनाही खोटं वाटत नव्हतं.

चौकशीला कुळमेथे मॅडम होत्या. सरांनी दोन पत्रांच्या प्रती दाखवल्या. ड्रॉवरमधलं पाकीटही दाखवलं. मॅडमने ते उलटसुलट करून पाहिलं. वर त्यांच्याच कार्यालयाचा पत्ता होता.

"हे तुम्ही मार्चमध्ये लिहिलं. पाठवलं का नाही?"

"लोकांना वाटलं असतं की, पुतणीच्या कारणानं..."

मॅडमने पाकीट टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "सर, तुमच्या पुतणीला मी अठरा दिले होते. तुम्ही सात दिले, तेव्हा मला वाटलं, हा घरचा माणूस आहे, सरळ माणूस आहे. याला तिच्याबद्दल असं काही ठाऊक असणार, जे आपल्याला अर्ध्या तासात दिसलं नाही. म्हणून मी गप्प बसले. पुढं दोन ठिकाणच्या निवडीत तिचं नाव माझ्यासमोर आलं. दोन्ही वेळा मला तुमचे सात आठवले. दोन्ही वेळा मी तिला खाली टाकलं."

सर खुर्चीत बसून होते. त्यांनी विचारलं, "दोन ठिकाणी?"

"दोन ठिकाणी. त्यातली एक जागा कायम होती."

त्या दिवशी सर बल्लारपूरला गेले. दवाखान्याच्या खिडकीसमोर रांग होती. ते रांगेत उभे राहिले. पुढे पोचले तेव्हा हर्षाने मान वर केली, त्यांना पाहिलं, आणि म्हणाली, "पेशंटचं नाव?"

"हर्षा, मी..."

"पेशंट कोण हाय मोठेबाबा? मागं लाइन हाय."

त्यांनी तिथंच, काचेच्या भोकाशी तोंड नेऊन, मॅडमने काय सांगितलं ते सांगितलं. त्या दोन जागांचंही सांगितलं. हर्षा ऐकत होती. तिच्या हातातलं पेन तसंच होतं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "हे सांगाले आले?"

"हो."

"आता हे मी कुठी ठेवू?"

मागचा माणूस म्हणाला, "काका, व्हा ना बाजूला." सर बाजूला झाले. हर्षाने पुढच्याचं नाव लिहून घेतलं.

निलंबनातच सरांची नोकरी संपली. चौकशीत अधीक्षिकेवर ठपका आला नाही, रजेचा कागद होता म्हणून. करिष्मा मॅडमची बदली संस्थेच्या कार्यालयात झाली.

पुढच्या मे महिन्यात सर पिंकीच्या गावी गेले. तिची पेटी त्यांनी कधीच पोचवली होती, या वेळी हातात काही नव्हतं. का जातोय हे केसरबाईलाही त्यांनी सांगितलं नाही. वारलूने त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं. सरांना वाटलं होतं, हा शिव्या देईल, निदान हाकलून देईल. वारलू समोर जमिनीवर बसला. त्याच्या मागे दारात पिंकीची धाकटी बहीण उभी होती, सहा-सात वर्षांची.

"बरं झालं आले सर," वारलू म्हणाला. "लहानीले शाळेत टाकाची हाय. तुमच्या शाळेत नाई. दुसऱ्या. तुमी मोठे मास्तर. तुमची वळख असन. चिट्टी द्या ना."

सर त्याच्याकडे पाहत राहिले. त्याला कदाचित ठाऊक नव्हतं की, समोर बसलेल्या माणसाने काय केलं आहे. किंवा ठाऊक होतं, आणि मुलीला शिकवायचं तर याच्याशिवाय दुसरा कोणी त्याच्या ओळखीचा नव्हता.

"शिकवाची हाय?" सरांनी विचारलं.

"मंग? घरी काय करन?"

सरांनी खिशातली डायरी काढली. एटापल्लीकडच्या दुसऱ्या एका आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकाला त्यांनी चिठ्ठी लिहिली. आयुष्यातली पहिली. मजकूर तीन ओळींचा होता, पण तीन कागद फाटले. सही करताना खाली 'मुख्याध्यापक' लिहिण्याची हाताला सवय होती. ते लिहिलं गेलं, मग खोडलं.

जून संपता संपता वारलूचा कोणाच्या तरी फोनवरून फोन आला. तो खुशीत होता. पोरगी बसली शाळेत.

"चिठ्ठी दाखवली?" सरांनी विचारलं.

"नाई सर. त्याइनं मांगतलीच नाई. जागा खाली होत्या, नाव लिवलं अन् घेतलं."

"बरं झालं," सर म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "वारलू, तिथं पोरींची अधीक्षिका कोण आहे? बाई कोण आहे तिथं?"

पलीकडून जंगलातल्या वाऱ्याचा आवाज येत होता. वारलू आठवून पाहत असावा.

"थे माहीत नाई सर," तो म्हणाला. "मी दोन रोज होतो तिथी. बाई दिसली नाई."